माफ झालेले 883 दिवस

दिवाणी न्यायालयात दाद मागण्याला मुदत असते आणि ती उलटून गेली असेल, तर समोरच्या पक्षाने हरकत घेतली नसली तरी न्यायालयाने प्रकरण फेटाळलेच पाहिजे, असे 1963 च्या मुदत कायद्याचे कलम 3 सांगते. त्याच कायद्याचे कलम 5 न्यायालयाला विलंब माफ करण्याचा विवेकाधिकार देते, पण तो अपिलांपुरता आणि अर्जांपुरता. मूळ दाव्याला तो लागू नाही. त्यामुळे हातउसन्या रकमेच्या वसुलीचा दावा तीन वर्षांनंतर दाखल झाला, तर हे कलम वादीच्या मदतीला येत नाही.

अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयासाठी 30 आणि उच्च न्यायालयासाठी 90 दिवसांची असते. निकालाच्या प्रमाणित नकलेवर अर्ज केल्याची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख नोंदवलेली असते; नकलेसाठी आवश्यक तेवढे दिवस मुदतीतून वगळले जातात, म्हणून अपिलाचा हिशेब या तारखांवरून मांडावा लागतो. त्यानंतरही उशीर उरलाच, तर अपिलासोबत विलंबमाफीचा अर्ज आणि शपथपत्र द्यावे लागते, ज्यात ‘पुरेसे कारण’ दाखवायचे असते.

पुरेसे म्हणजे किती, हे कायद्याने सांगितलेले नाही आणि ते योग्यच झाले, कारण माणसांच्या अडचणी कलमात मावत नाहीत. जम्मू-काश्मीरमधील भूसंपादनाच्या कातिजी प्रकरणात, 1987 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने चार दिवसांचा उशीर माफ करताना या शब्दांचा अर्थ उदारपणे लावण्यास सांगितले. 1998 च्या बालकृष्णन प्रकरणात तर एकतर्फी हुकूम रद्द करून मागणारा अर्ज 883 दिवस उशिरा आला होता. वकिलाच्या हलगर्जीपणाचे कारण पटल्याने तो विलंबही माफ झाला. याउलट 2012 मध्ये टपाल खात्याचे 427 दिवस माफ झाले नाहीत, कारण निकालाच्या नकलेसाठी अर्ज करायलाच खात्याने जवळपास चार महिने लावले होते आणि फाइल टेबलावरून टेबलावर फिरत राहिली, यापलीकडे सांगण्यासारखे काही नव्हते. दिवसांच्या संख्येपेक्षा खुलासा मोलाचा, हे या दोन निकालांतून स्पष्ट दिसते. सरकारी खात्याला वेगळे माप लावण्यास न्यायालयाने दिलेला नकार विशेष महत्त्वाचा आहे, कारण हुकूम हाती घेऊन बसलेल्या पक्षाच्या दृष्टीने मुदत संपणे म्हणजे वाद मिटणे असते.

कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, गोष्ट निराळी आहे. समन्स बजावल्यापासून 30 आणि लेखी कारणे नोंदवून 90 दिवसांपर्यंत मुदत देता येते; साध्या दिवाणी दाव्यांत ही मर्यादाही अपवादात्मक परिस्थितीत ओलांडता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या प्रकरणात ठरवले. 2015 च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याखालील दाव्यांत मात्र 120 दिवस झाले की प्रतिवादीचा कैफियत देण्याचा हक्कच संपतो, आणि तेथे न्यायाधीशाला कारण पटले तरी ती दाखल करून घेता येत नाही.