वायरलेस इंटरनेट सेवेची नोंद आणि देखरेख : गैरसमज आणि वस्तुस्थिती

टॉवरवरच्या रेडिओंमधून गावोगाव इंटरनेट पोहोचवणाऱ्या पुरवठादाराला दोन प्रकारची माहिती लागते. कोणता रेडिओ कोणत्या टॉवरवर, किती उंचीवर, कोणत्या दिशेला तोंड करून, कोणत्या चॅनेलवर आणि कोणत्या आयपी पत्त्यावर असायला हवा, ही पहिली. तो या क्षणी चालू आहे का, सिग्नल किती येतो आणि डेटा किती वाहतो, ही दुसरी. पहिली म्हणजे नोंद, दुसरी म्हणजे देखरेख. साधने निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोन्हींची गल्लत झाल्याने होतात.

सर्वांत घट्ट रुजलेला समज असा की देखरेखीचे सॉफ्टवेअर नेटवर्क आपोआप शोधून काढते, तेव्हा वेगळ्या नोंदीची गरज उरत नाही. लिब्रेएनएमएस, झॅबिक्स किंवा मायक्रोटिकचे द ड्यूड ही साधने उपकरणे शोधतात हे खरे. पण जे उत्तर देते तेवढेच त्यांना सापडते. रेडिओला वीज देणारा पीओई अडॅप्टर, टॉवरखालच्या पेटीतली बॅटरी कधी बसवली, अँटेना जमिनीपासून 18 मीटरवर आहे की 24, यातले काहीच जाळ्यातून विचारून कळत नाही. शिवाय शोधातून आलेली माहितीच नोंद म्हणून धरली, तर कुणी चुकून बदललेले चॅनेलही ‘बरोबर’ ठरते. डिजिटलओशन या कंपनीत तयार झालेले आणि 2016 मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुले झालेले नेटबॉक्स याच कारणाने स्वतःहून काही शोधत नाही. नेटवर्क कसे असायला हवे ते माणसाने त्यात लिहायचे आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहायचे. 3.1 आवृत्तीपासून त्यात वायरलेस लिंकसाठी स्वतंत्र जागा आहे. अँटेनाची उंची आणि दिशा यांचे रकाने मात्र आपणच जोडून घ्यावे लागतात, आणि वायरलेस सेवेत हेच रकाने सर्वांत मोलाचे असतात.

दुसरा समज हिरव्या दिव्याचा. पडद्यावर लिंक हिरवी दिसते, पिंगला उत्तर येते, म्हणजे सगळे ठीक. तारेच्या जाळ्यात हे बऱ्याच अंशी चालते, रेडिओत चालत नाही. समजा, 10 किलोमीटरची लिंक बसवली त्या दिवशी सिग्नल उणे 58 डीबीएम होता आणि आज तो उणे 64 आहे. लिंक सुरूच आहे, पण 6 डेसिबलची घट म्हणजे येणारी शक्ती एक चतुर्थांशावर आली. रेडिओ मॉड्युलेशनची पायरी उतरतो, लिंकची क्षमता घटते आणि संध्याकाळी सगळे ग्राहक एकदम ऑनलाइन आले की तक्रारी सुरू होतात. दोष पावसाला दिला जातो. 5 गिगाहर्ट्झवर नुसत्या पावसाने 60 गिगाहर्ट्झइतका सिग्नल पडत नाही. मधल्या झाडांना फुटलेला ओला पाला मात्र तो खातो. समोरचा टॉवर डोळ्यांना दिसतो, एवढ्याने मार्ग मोकळा ठरत नाही. 5.8 गिगाहर्ट्झच्या 10 किलोमीटर लिंकमध्ये मध्यावर पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची, म्हणजे दृष्टिरेषेभोवतीच्या ज्या लांबट पट्ट्यातून लहरी जातात त्याची, त्रिज्या सुमारे 11 मीटर असते. त्यातला किमान 60 टक्के भाग, म्हणजे दृष्टिरेषेभोवती जवळपास 7 मीटर, मोकळा असावा असा संकेत आहे. घट ओळखायला बसवण्याच्या दिवशीचा आकडा लिहिलेला हवा. तो नसेल, तर उणे 64 हा आकडा चांगला की वाईट हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. लिब्रेएनएमएस अनेक रेडिओंचा सिग्नल आणि जोडलेल्या ग्राहकांची संख्या वाचून आलेख काढते, पण मूळ आकडा माणसानेच टॉवरवरून उतरताना टिपावा लागतो.

आलेख दिसतो म्हणजे तो खराच, हाही समज तपासून घ्यावा. अनेक साधने मुळात 5 मिनिटांतून एकदा आकडे वाचतात, त्यामुळे आलेखावर 5 मिनिटांची सरासरी येते आणि 20 सेकंदांची कोंडी त्यात विरून जाते. त्याहून घातक चूक मोजणीच्या आकाराची. साधने उपकरणांकडून ज्या पद्धतीने आकडे वाचतात त्या एसएनएमपीमधला जुना 32 बिटांचा बाइट-मोजक 4 अब्ज 29 कोटींच्या पुढे गेला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. 100 एमबीपीएसच्या भरलेल्या लिंकवर हे पावणेसहा मिनिटांत घडते, 300 एमबीपीएसवर दोन मिनिटांच्या आत. म्हणजे दोन वाचनांमध्ये मोजक दोन-तीनदा फिरून येतो आणि टॉवरांना जोडणारी, भरून वाहणारी बॅकहॉल लिंक आलेखावर निवांत दिसते. 64 बिटांचे मोजक एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत वाचताच येत नाहीत. त्यामुळे साधन आणि रेडिओ दोन्ही निदान दुसरी आवृत्ती वापरतात ना, हे निवडीआधीच पाहावे.

एकाच कंपनीचे साधन पुरे पडते, हा समज सुरुवातीला खरा वाटतो. युबिक्विटीचे यूआयएसपी आपल्याच रेडिओंसाठी उत्तम आणि फुकट आहे. पण वाढत्या सेवेत राउटर मायक्रोटिकचे, सेक्टर कॅम्बियमचे आणि ग्राहकाच्या छतावर आणखी तिसरेच असे मिश्रण होतेच. कंपनीचे साधन त्या कंपनीपुरते ठेवावे आणि नोंद सर्वांना सामावणाऱ्या ठिकाणी करावी. नोंदीसाठी एक्सेलची शीट वापरली तर तिला नावे ठेवण्याचेही कारण नाही. दोन-तीन टॉवर आणि एकच लिहिणारा असेल तोवर ती पुरते. दोघांच्या लॅपटॉपवर दोन प्रती झाल्या आणि एकच आयपी पत्ता दोन ग्राहकांना गेला, की पीएचपीआयपॅम किंवा नेटबॉक्सकडे वळावे. ही साधने फुकट आहेत, त्यांचा सांभाळ फुकट नाही. सर्व्हर, डेटाबेस आणि अद्ययावत आवृत्त्या यांकडे दरमहा लक्ष देणारा माणूस लागतो.

बॅकअपबाबत एक नेमकी गोष्ट. मायक्रोटिकची ‘.backup’ फाइल त्याच उपकरणावर परत घालण्यासाठी असते. विजेने जळालेल्या राउटरच्या जागी दुसरे मॉडेल बसवताना तिचा भरवसा धरता येत नाही. त्यासाठी मजकूर स्वरूपातला एक्सपोर्ट हवा, आणि मायक्रोटिकच्या राउटरओएस 7 प्रणालीत तो आपण सांगितल्याशिवाय पासवर्ड लिहीत नाही. ऑक्सिडाइज्डसारखे साधन असे एक्सपोर्ट रोज गोळा करते आणि कोणत्या दिवशी कोणती ओळ बदलली ते दाखवते. बिघाडाच्या रात्री याइतकी उपयोगी दुसरी माहिती क्वचितच असते.

भारतात 2018 च्या अधिसूचनेने 5 गिगाहर्ट्झचे बरेच पट्टे परवानामुक्त झाले, त्यामुळे वारंवारतेची नोंद अनावश्यक मानली जाते. वस्तुस्थिती उलट आहे. परवाना नाही म्हणजे संरक्षणही नाही. शेजारच्या टॉवरने तेच चॅनेल घेतले तर दाद मागता येत नाही, म्हणून प्रत्येक सेक्टरचे चॅनेल आणि रुंदी लिहून आपले आपणच नियोजन करावे लागते. लॉगची जबाबदारी मात्र कायद्याची आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपावे लागतात, ठरावीक सायबर घटना 6 तासांत कळवाव्या लागतात आणि उपकरणांची घड्याळे एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवावी लागतात. घड्याळ चुकलेल्या रेडिओचा लॉग बिघाड शोधतानाही दिशाभूल करतो.

देखरेखीचा सर्व्हर कार्यालयातच सुरक्षित, हाही गैरसमज. कार्यालयाची लिंकच पडली तर इशारा बाहेर कसा जाणार? निदान एक तपासणी नेटवर्कच्या बाहेरून व्हायला हवी. तसेच कोणता टॉवर कोणावर अवलंबून आहे हे साधनाला सांगितलेले असावे. नाहीतर मधल्या एका टॉवरची वीज गेली की त्यापुढच्या प्रत्येक रेडिओचा वेगळा इशारा येतो आणि मूळ कारण त्या गर्दीत हरवते.

खरेदीपूर्वी किंवा स्थापनेपूर्वी करण्याजोगी चाचणी सोपी आहे. ज्याने तो टॉवर कधी पाहिलेला नाही अशा टेक्निशियनला फक्त नोंद उघडून द्यावी. जळालेल्या रेडिओचे मॉडेल, त्याची दिशा, स्विचचे पोर्ट, आयपी पत्ता आणि पहिल्या दिवशीचा सिग्नल त्याला कोणालाही फोन न करता सापडला, तर ते साधन त्या नेटवर्कला योग्य आहे.