तोंडी नकार मान्य करू नका

जून जवळ आला की माझ्याकडे पालक येऊ लागतात. कुणी घाटंजीहून, कुणी झरी जामणीहून. तक्रार बहुधा एकच असते : ‘मास्तर म्हणतात, या लेकराला सांभाळणं आमच्याच्यानं होत नाही. खास शाळेत टाका.’ मी पहिला प्रश्न विचारतो, शाळेनं हे लिहून दिलं का? उत्तर ‘नाही’ असंच येतं. सगळी गोम तिथंच आहे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क त्यानं दिला. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हाती नाही, म्हणून हा हक्क जात नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा याच्या पुढे गेला. दिव्यांगत्व चाळीस टक्के वा अधिक असेल, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत. तेही जवळच्या शाळेत की विशेष शाळेत, ही निवड शाळेची नाही. मुलाची आणि तुमची आहे. यासाठी मात्र प्रमाणपत्र लागतं, म्हणून त्याचा अर्ज लांबवू नका.

‘घरीच शिकवा’ असंही सांगितलं जातं. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याची सोय २०१२ च्या दुरुस्तीनं दिली खरी. पण तो पर्याय आहे, सक्ती नव्हे.

मग करायचं काय? मुख्याध्यापकांना साध्या कागदावर अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून अशा मुलाची शिक्षण योजना पालकांना सोबत घेऊन लेखी ठरते. आपल्याकडे तशी बैठक कायद्यानं बंधनकारक नाही. म्हणून मुलाला काय लागतं, ते अर्जातच लिहा : उतार, मोठ्या अक्षरांची पुस्तकं, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक.

दाद लागली नाही, तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. स्थानिक प्राधिकरणानं तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. तिथं समाधान झालं नाही, तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं. अनुदानित व सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, हेही ध्यानात ठेवा. तिथं तुमचा प्रश्न मांडा.

तोंडी नकाराविरुद्ध अपील करणं अवघड जातं. पोच घेतलेला अर्ज मात्र पुराव्याला उभा राहतो. मूल घरी बसलं, तर त्याचं वर्ष वाया जातं. तेव्हा कागद आजच लिहा.