नामको कंपनीचा आरंभीचा इतिहास

नामको ही व्हिडिओ गेम आणि करमणुकीची यंत्रे तयार करणारी जपानी कंपनी होती. मासाया नाकामुरा यांनी इ.स. १९५५ मध्ये तिची स्थापना केली. दुकानांच्या गच्चीवर लहान मुलांसाठी यांत्रिक घोडे बसवण्यापासून सुरू झालेला हा व्यवसाय पुढे गॅलॅक्सियन (१९७९), पॅक-मॅन (१९८०) आणि गॅलागा (१९८१) या जगभर खेळल्या गेलेल्या आर्केड खेळांसाठी प्रसिद्ध झाला. १९८४ पासून कंपनीने घरगुती कन्सोलसाठीही खेळ प्रकाशित केले. २००५ मध्ये खेळणी बनवणाऱ्या बंदाई या कंपनीशी तिचे एकत्रीकरण झाले. खेळ ज्या यंत्रावर चालतो ते यंत्र कोणाच्या मालकीचे आहे, हा प्रश्न कंपनीच्या पहिल्या चार दशकांत वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा उभा राहिला.

स्थापना

मासाया नाकामुरा यांचा जन्म २४ डिसेंबर १९२५ रोजी झाला. त्यांनी योकोहामा येथे जहाजबांधणीचे शिक्षण घेतले. परंतु युद्धोत्तर जपानमध्ये त्या क्षेत्रात नोकरी मिळणे कठीण होते. जून १९५५ मध्ये त्यांनी ‘नाकामुरा सेसाकुशो’ (नाकामुरा उत्पादन कंपनी) सुरू केली. योकोहामा येथील एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर बसवलेले दोन यांत्रिक घोडे हे कंपनीचे सुरुवातीचे भांडवल होते.

त्या काळी जपानमधील बहुमजली दुकानांच्या गच्च्या ही कुटुंबासह जाण्याची ठिकाणे होती. पालक खरेदी करीत असताना मुले गच्चीवर रमत. चांगल्या जागा मात्र मोठ्या उत्पादकांनी आधीच करार करून ताब्यात घेतलेल्या असत. १९६३ मध्ये मित्सुकोशी या प्रतिष्ठित दुकानाच्या टोकियोतील निहोनबाशी शाखेच्या गच्चीवर करमणुकीची यंत्रे बसवण्याचे काम नाकामुरा यांना मिळाले आणि कंपनीचा जम बसला. पुढे वॉल्ट डिस्नेच्या पात्रांची चित्रे वापरण्याचा परवानाही कंपनीने मिळवला. याच दशकात तिने विजेवर आणि यांत्रिक भागांवर चालणारे नेमबाजीचे व मोटारशर्यतीचे खेळ बनवण्यास सुरुवात केली. १९७० च्या दशकाच्या आरंभी यंत्रांवर ‘नामको’ हे व्यापारी नाव दिसू लागले आणि १९७७ मध्ये तेच कंपनीचे अधिकृत नाव झाले.

अटारी जपानची खरेदी

अमेरिकेतील अटारी या कंपनीने १९७२ मध्ये पाँग हा खेळ बाजारात आणून व्हिडिओ गेमचा व्यवसाय उभा केला. तिची जपानमधील शाखा मात्र तोट्यात गेली. १९७४ मध्ये नाकामुरा यांनी इतर इच्छुकांपेक्षा कितीतरी अधिक रक्कम मोजून ही शाखा विकत घेतली. या व्यवहारामुळे अटारीचे खेळ जपानमध्ये वितरित करण्याचे अनन्य हक्क दहा वर्षांसाठी कंपनीला मिळाले.

१९७६ मध्ये आलेल्या ब्रेकआउट या खेळाने या हक्कांचे मोल आणि त्यांची मर्यादा दोन्ही दाखवून दिल्या. चेंडूने विटांची भिंत फोडण्याच्या या खेळाला जपानमध्ये प्रचंड मागणी आली. अमेरिकेहून येणारी यंत्रे अपुरी पडू लागली आणि नकली यंत्रांनी बाजार भरून गेला. नामकोने अखेर स्वतःच यंत्रे बनवण्यास सुरुवात केली आणि त्यावरून तिचा अटारीशी वाद झाला. दुसऱ्याच्या खेळावर आणि दुसऱ्याच्या पुरवठ्यावर अवलंबून राहण्याचा धोका यातून स्पष्ट झाला.

पहिले स्वनिर्मित खेळ

नामकोचा पहिला स्वनिर्मित व्हिडिओ गेम जी बी हा १९७८ मध्ये आला. त्याचे रचनाकार तोरू इवातानी यांना पिनबॉलची यंत्रे बनवण्याची इच्छा होती; त्यामुळे या खेळात पिनबॉल आणि ब्रेकआउट यांचे मिश्रण दिसते. त्याच वर्षी तैतो या जपानी कंपनीच्या स्पेस इन्व्हेडर्सने देशभर लोकप्रियता मिळवली होती. त्यापुढे जी बी फारसा टिकला नाही.

स्पेस इन्व्हेडर्सला नामकोने दिलेले उत्तर म्हणजे १९७९ चा गॅलॅक्सियन. काझुनोरी सावानो यांनी त्याची रचना केली. दोन्ही खेळांतील फरक मुख्यतः यंत्ररचनेत होता. स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रूंची चित्रे मुख्य प्रोसेसर स्वतः स्मृतीत रेखाटत असे. या कामाला वेळ लागत असल्याने शत्रूंची रांग ठरावीक पद्धतीने सरकत राही. मूळ चित्र एकरंगी असून पडद्यावर लावलेल्या रंगीत पट्ट्यांमुळे ते रंगीत भासे. गॅलॅक्सियनच्या सर्किट बोर्डवर हलणारी छोटी चित्रे, म्हणजे स्प्राइट, दाखवण्यासाठी स्वतंत्र व्यवस्था होती. प्रोसेसरने केवळ चित्राची जागा सांगायची आणि ते पडद्यावर उमटवण्याचे काम त्या व्यवस्थेने करायचे. त्यामुळे शत्रू रांग सोडून वक्राकार झेप घेत खेळाडूवर चालून येऊ शकले आणि प्रत्येक चित्र अनेक रंगांत दाखवता आले. अमेरिकेत या खेळाचे वितरण मिडवे या कंपनीने केले.

पॅक-मॅन

२२ मे १९८० रोजी टोकियोच्या शिबुया भागात पॅक-मॅनची पहिली चाचणी झाली. त्या काळातील आर्केडमध्ये युद्धाचे व नेमबाजीचे खेळ अधिक असत आणि तेथे बहुतांशी पुरुषच जात. स्त्रियांना आणि जोडप्यांनाही आवडेल असा खेळ बनवणे हे इवातानी यांचे उद्दिष्ट होते. म्हणून त्यांनी खाण्याची क्रिया मध्यवर्ती ठेवली. तोंडाची उघडझाप दर्शवणाऱ्या ‘पाकु पाकु’ या जपानी ध्वन्यनुकारी शब्दावरून खेळाचे नाव पडले. रोमन लिपीत ते आरंभी ‘पक मॅन’ असे लिहिले जाई. अमेरिकेत त्यातील एक अक्षर खोडून अश्लील शब्द करता येईल, या भीतीने ते ‘पॅक-मॅन’ असे बदलण्यात आले.

चक्रव्यूहातील २४० लहान आणि ४ मोठे ठिपके खाणे हा खेळाचा हेतू आहे. चार भुते खेळाडूचा पाठलाग करतात. पण प्रत्येकाची रीत वेगळी आहे. लाल भूत थेट खेळाडूच्या जागेकडे येते. गुलाबी भूत खेळाडूच्या तोंडासमोर चार घरे पुढची जागा गाठू पाहते. निळ्या भुताचे लक्ष्य खेळाडूच्या आणि लाल भुताच्या स्थानांवरून ठरते. नारिंगी भूत दूर असताना पाठलाग करते, मात्र आठ घरांच्या आत आले की आपल्या कोपऱ्याकडे वळते. याशिवाय चारही भुते ठरावीक काळाने पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यात जातात, त्यामुळे खेळाडूला थोडी उसंत मिळते. इतक्या साध्या नियमांतून भुतांना स्वभाव असल्याचा भास निर्माण होतो.

खेळाला शेवट असावा असे निर्मात्यांनी ठरवले नव्हते. तथापि, टप्प्यांची मोजणी आठ बिटांच्या संख्येत केलेली असल्याने २५६ व्या टप्प्यावर गणित चुकते, पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनी भरून जातो आणि पुढे जाणे अशक्य होते.

पॅक-मॅनला सर्वाधिक यश अमेरिकेत मिळाले. तेथील हक्क मिडवेकडे असल्याने नामकोच्या पात्राचा प्रसार बराचसा इतरांच्या हातून झाला. मिस पॅक-मॅन (१९८२) या खेळाचे मूळ जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीने तयार केलेल्या सुधारित आवृत्तीत होते, तर अटारी २६०० या कन्सोलवरील १९८२ ची आवृत्ती अटारीने बनवली. ही आवृत्ती मोठ्या प्रमाणावर विकली गेली. मात्र लुकलुकणारी भुते आणि बदललेला चक्रव्यूह यांमुळे तिच्यावर टीका झाली.

१९८१ ते १९८४ मधील आर्केड खेळ

पुढील चार वर्षांत नामकोने अनेक वेगळ्या धाटणीचे खेळ प्रसिद्ध केले. त्यांतील प्रमुख खेळ असे:

गॅलागा (१९८१): गॅलॅक्सियनचा पुढील भाग. शत्रूने पकडून नेलेले आपले यान सोडवल्यास दोन याने जोडून एकाच वेळी गोळीबार करता येतो. त्यामुळे मुद्दाम यान गमावण्याचा धोका पत्करावा की नाही, हा निर्णय खेळाडूपुढे असतो.

डिग डग (१९८२): जमिनीखाली स्वतः बोगदे खोदत शत्रूंना पंपाने फुगवण्याचा खेळ. येथे चक्रव्यूह खेळाडूच तयार करतो.

पोल पोझिशन (१९८२): मोटारीच्या मागून दिसणारे दृश्य असलेली शर्यत. जपानमधील फुजी स्पीडवे या खऱ्या शर्यतमार्गाचा त्यात वापर केला आहे. मुख्य शर्यतीपूर्वी पात्रता फेरी पार करावी लागते.

झेव्हियस (१९८२-८३): मासानोबू एंदो यांची रचना. वर सरकत जाणाऱ्या भूप्रदेशावर हवेतील आणि जमिनीवरील लक्ष्यांसाठी दोन वेगळी शस्त्रे वापरावी लागतात. खेळाच्या विश्वासाठी एंदो यांनी सविस्तर पूर्वकथा रचली होती.

द टॉवर ऑफ द्रुआगा (१९८४): एंदो यांचाच ६० मजल्यांचा खेळ. प्रत्येक मजल्यावरील खजिना मिळवण्याची युक्ती खेळात कोठेही सांगितलेली नाही. त्यामुळे आर्केडमधील खेळाडू एकमेकांना माहिती देत खेळ उलगडत असत.

१९८४ मध्ये संगीतकार हारुओमी होसोनो यांच्या देखरेखीखाली नामकोच्या खेळांतील संगीताची ध्वनिमुद्रिका निघाली. व्हिडिओ गेमच्या संगीताला वाहिलेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांमध्ये तिची गणना होते.

घरगुती कन्सोलकडे

निन्टेन्डोने जुलै १९८३ मध्ये फॅमिली कॉम्प्युटर (संक्षेपाने फॅमिकॉम) हा कन्सोल १४,८०० येन किमतीस बाजारात आणला. १९८४ मध्ये हडसन सॉफ्ट आणि नामको या त्यासाठी खेळ बनवणाऱ्या पहिल्या बाहेरच्या कंपन्यांपैकी होत्या. नामकोच्या अभियंत्यांनी कन्सोल उघडून त्याची रचना स्वतःच समजून घेतली होती. कंपनीचे घरगुती खेळ ‘नामकॉट’ या नावाने निघत. सप्टेंबर १९८४ मध्ये गॅलॅक्सियन आणि त्यानंतर काही आठवड्यांच्या अंतराने पॅक-मॅन, झेव्हियस व मॅपी हे खेळ आले. झेव्हियसच्या १० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

आर्केडमधील खेळ कन्सोलवर आणताना त्यात बदल करणे अपरिहार्य होते. पॅक-मॅनच्या आर्केड यंत्राचा पडदा उभा होता, तर घरातील दूरचित्रवाणी संच आडवा. म्हणून फॅमिकॉमवर चक्रव्यूह आखूड करून गुण पडद्याच्या बाजूला दाखवावे लागले. फॅमिकॉमला एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट दाखवता येत असल्याने गर्दीच्या दृश्यांत चित्रे लुकलुकत.

कंपनीने खास कन्सोलसाठीही खेळ बनवले. बॅटल सिटी (१९८५) हा रणगाड्यांचा खेळ तिच्याच १९८० मधील टँक बटालियनवर आधारलेला होता. त्यात दोघांना एकत्र खेळता येई आणि स्वतःचे रणांगण रचता येई. बेसबॉलवरील फॅमिली स्टेडियम (१९८६) जपानमध्ये विशेष गाजला. १९९० च्या दशकात भारतातील शहरांत फॅमिकॉमच्या स्वस्त नकला विकल्या जात. त्यांच्यासोबतच्या अनेक खेळ असलेल्या कार्ट्रिजांमधून बॅटल सिटी, गॅलॅक्सियन यांसारखे खेळ महाराष्ट्रातील घरांतही पोहोचले. मूळ निर्मात्याचे नाव मात्र बहुतेक खेळाडूंना ठाऊक नसे.

निन्टेन्डोशी मतभेद

आरंभीच्या परवानाधारकांपैकी एक असल्याने नामकोला अनुकूल अटी मिळाल्या होत्या. ती आपली कार्ट्रिजे स्वतः तयार करू शकत असे. नंतर आलेल्या कंपन्यांना मात्र कार्ट्रिजे निन्टेन्डोकडूनच आगाऊ पैसे देऊन बनवून घ्यावी लागत. त्यामुळे खेळ न विकला गेल्यास होणारा तोटा प्रकाशकाच्या माथी येई. १९८९ मध्ये नामकोच्या कराराची मुदत संपली, तेव्हा जुन्या सवलती पुढे चालू ठेवण्यास निन्टेन्डोने नकार दिला. नाकामुरा यांनी निन्टेन्डोच्या मक्तेदारीवर जाहीर टीका केली. परंतु बाजारातील निन्टेन्डोचे स्थान पाहता नव्या अटी मान्य करण्यावाचून कंपनीला पर्याय उरला नाही. दरम्यान तिने पीसी इंजिन आणि सेगाच्या मेगा ड्राइव्ह या प्रतिस्पर्धी कन्सोलसाठीही खेळ काढले.

या काळातही आर्केड हेच कंपनीचे बलस्थान राहिले. १९८५ मध्ये तिने अटारीच्या आर्केड विभागातून निघालेल्या अटारी गेम्सचे बहुसंख्य भाग विकत घेतले. एकेकाळी जिचे खेळ ती वितरित करीत होती, तिचीच ती काही काळ मालक बनली. विनिंग रन (१९८८) या मोटारशर्यतीत बहुभुजांनी घडवलेली त्रिमितीय दृश्ये होती.

पुढील काळ

सोनीने ३ डिसेंबर १९९४ रोजी प्लेस्टेशन हा कन्सोल जपानमध्ये आणला. पहिल्याच दिवशी उपलब्ध झालेल्या खेळांत नामकोचा रिज रेसर होता. टेकेन (१९९४) हा आर्केड खेळ तर प्लेस्टेशनच्याच यंत्ररचनेवर आधारलेल्या बोर्डवर चालत असे. त्यामुळे आर्केडमधील खेळ घरगुती कन्सोलवर जवळजवळ जसाच्या तसा आणणे शक्य झाले.

२०१२ मध्ये न्यू यॉर्क येथील आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहात पॅक-मॅनचा समावेश केला. मासाया नाकामुरा यांचे २२ जानेवारी २०१७ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी निधन झाले.