आज डोळ्यावर धुकं, उद्या पायात मुंग्या : एमएस हा आजार ओळखू या



‘एमएस’ म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. आमच्या हट्ट्यात किंवा वसमतच्या वस्त्यांत हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही. लकवा माहीत आहे, फिट माहीत आहे, आणि ‘बाहेरचं झालं’ हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. त्यामुळे ज्या बाईला हा आजार होतो तिला त्याचं नाव कळायला कधीकधी वर्षं जातात. तोवर घरचे तिला दुसरी नावं देऊन मोकळे होतात. आळशी. ढोंगी. कामचुकार.

‘बाई’ असं आम्ही मुद्दाम म्हणतो. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट जास्त होतो आणि बहुतेक वेळा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो. लेकरं लहान, हातात काम, सासरी नवी नवी, नेमक्या त्याच वयात.

विजेच्या वायरीवर प्लास्टिकचं आवरण असतं ना, तसंच आवरण आपल्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर असतं. त्याला मायलिन म्हणतात. रोगजंतूंशी लढणारी आपल्याच शरीराची शक्ती चुकून या आवरणावर तुटून पडते. वायर उघडी पडली की करंट नीट जात नाही, मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत पोचत नाही. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं नीट वर्णन केलं. म्हणजे आजार काही नवा नाही, आपल्यापर्यंत त्याची माहिती उशिरा पोचते आहे.

लक्षणं प्रत्येकीची वेगळी. एका डोळ्याने धुरकट दिसतं आणि डोळा फिरवला की दुखतं. एकाची दोन माणसं दिसतात. पायाला मुंग्या, कमरेखाली बधिरपणा, चालताना झोक जाणं, मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं वाटणं. लघवी रोखता येत नाही किंवा होतच नाही. आणि थकवा असा, की झोपून उठलं तरी जात नाही. यातलं काही चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलं तर अंगावर काढू नका.

फसगत पुढे आहे. बहुतेकांमध्ये सुरुवातीला हा आजार झटक्यांनी येतो. झटका काही दिवस किंवा काही आठवडे राहतो आणि मग बराचसा आपोआप ओसरतो. त्या दिवसांत बाईला ज्याच्याकडे नेलं असेल, श्रेय त्याला मिळतं. बाबाने अंगारा दिला, नजर आली! सलाईनवाल्याने दोन बाटल्या चढवल्या, पाय चालायला लागला! मग सहा महिन्यांनी, वर्षाने दुसरा झटका येतो, तोही ओसरतो, पण थोडी कसर मागे राहते. अशी कसर साचत साचत काठी येते, मग खुर्ची. त्या बाबाला कुणी जाब विचारत नाही. आपल्या घरांतून अंगारे-धुपारे गेले असं आपण म्हणतो. पण कळत नसलेल्या दुखण्यापुढे ते मागच्या दाराने परत येतात, हे आम्ही वस्तीत फिरताना पाहतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. अंगातली उष्णता वाढली की या आजाराची लक्षणं तात्पुरती वाढतात. आपल्याकडे हळद काढणी, शिजवणी, वाळवणी सगळी उन्हाळ्याच्या तोंडावर आणि उन्हाळ्यात. सकाळी बरी असलेली बाई दुपारी कढईजवळ उभी राहिली की पाय ओढू लागते, डोळ्यापुढे अंधारी येते. सावलीत तासभर बसली की पुन्हा बरी. मुकादम म्हणतो, नाटक करते. सासूही तेच म्हणते. नाटक नाही हो, आत्याबाई! उघड्या वायरीतून गरमीत करंट आणखीच कमी जातो. काम पहाटे उरकणं, डोक्यावर-मानेवर ओलं फडकं, मध्ये मध्ये टेकणं, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

आता जायचं कुठे? आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथून चिठ्ठी घेऊन नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरची घाटी किंवा मुंबईचं केईएम. मेंदूविकारतज्ज्ञ तपासतात, एमआरआय करतात, कधी पाठीतलं पाणी तपासतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मणक्याचा टीबी यांतही पाय बधिर होतात, आणि ते औषधाने बरे होणारे आजार आहेत. म्हणून तपासणी टाळायची नाही आणि घरबसल्या ‘एमएसच आहे’ असं ठरवायचंही नाही.

मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही. झटक्यात स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, त्याने झटका लवकर ओसरतो. पण पुढचे झटके कमी करणारी औषधं वेगळी असतात आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं चांगलं. काही औषधं फार महाग आहेत, काहींच्या स्वस्त भारतीय गोळ्या मिळतात. डॉक्टरांना आपली ऐपत स्पष्ट सांगावी, त्यात लाज कसली! मुंबईत १९८५ साली रेहमत फझलभॉय यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. पुण्यातही तिची शाखा आहे. समुपदेशन, फिजिओथेरपी, औषधांसाठी मदत अशी कामं ही संस्था करते.

हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. लग्न, बाळंतपण यांनाही आडकाठी नाही. फक्त मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं, कारण काही औषधं त्या काळात चालत नाहीत. लेकीला ‘आजारी निघाली’ म्हणून माहेरी पाठवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. बिडी-सिगारेटने आजार वाढतो. लघवीच्या भीतीने पाणी कमी पिऊ नये. जी बाई अंथरुणाला खिळली आहे तिला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, नाहीतर पाठीला जखमा होतात.

हक्काचंही सांगतो. १९९५ च्या अपंग कायद्यात फक्त ७ प्रकार होते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने ते २१ केले आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आलं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर शिक्षणात, सरकारी नोकरीत राखीव जागा आहेत. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलमध्ये अर्ज करता येतो. बोर्डापुढे जाताना एमआरआयची फिल्म, रिपोर्ट आणि प्रत्येक झटक्याच्या वेळचे जुने कागद न्यावेत. त्या दिवशी बाई चालत गेली तर टक्के कमी लावले जाण्याची भीती असते. म्हणून वाईट दिवसांत काय काय अडतं तेही डॉक्टरांना सांगावं. कागद पिशवीत घालून, उंदीर-पावसापासून वर ठेवावेत. प्रमाणपत्र मुदतीचं मिळालं असेल तर तारीख बघून आधीच पुन्हा अर्ज करावा.