दुष्काळाशी जुळवून घेताना : बुलढाण्याचा अनुभव

बुलढाणा जिल्ह्यातील बहुतांश शेती कोरडवाहू आहे. हवामानबदलामुळे पावसातील खंड लांबतात आणि पाऊस मोजक्या दिवसांत जोराने कोसळतो. पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. सोबत आलेल्या गाळाने तलावांची साठवणक्षमता घटते.

यावरचा एक उपाय ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती व मुरूम तलाव, नाले खोल करून घेण्यात आला. रस्त्याला भराव मिळाला आणि पाणीसाठाही वाढला. २०१८मध्ये भारतीय जैन संघटनेच्या सहभागाने ‘सुजलाम् सुफलाम्’ ही गाळ काढण्याची मोहीम सुरू झाली. तलावांतला सुपीक गाळ शेतकऱ्यांनी शेतात पसरला.

शिवारात रुंद वरंबा-सरी पद्धत उपयोगी पडते. सरीत पाणी मुरल्याने सोयाबीन पावसाचा खंड सोसते. अतिवृष्टीत जादा पाणी सरीतूनच निघून जाते. पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने शेततळ्यात साठवलेले पावसाचे पाणी संरक्षित सिंचनासाठी मोलाचे ठरते.

मात्र गाळ पुन्हा साचतो आणि वाढलेला साठा अनिर्बंध उपशाने संपतो. म्हणून प्रत्येक गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरवणे आवश्यक आहे.