जुन्या बसगाडीतील स्वच्छतागृह

सातारा, सोलापूर वा कोकणातून आलेली एस.टी. स्वारगेटला थांबते, तेव्हा उतरणाऱ्या अनेक स्त्रियांची पहिली निकड स्वच्छतागृहाची असते. वाटेत सोय होईल की नाही, या शंकेने कित्येकजणी प्रवासभर पाणीही पीत नाहीत. त्यातून मूत्रमार्गाचे विकार उद्भवतात. शहरातील जागेच्या टंचाईवर पुण्यात २०१६ साली एक अभिनव उपाय योजण्यात आला. सेवेतून बाद झालेल्या बसगाड्यांचे स्त्रियांसाठीच्या स्वच्छतागृहांत रूपांतर झाले. त्यांना समर्पक नाव मिळाले, ‘ती’. शौचकूपांबरोबरच हात धुण्याची व तान्ह्या मुलास पाजण्याची सोयही त्यांत करण्यात आली.

बसची रुंदी जेमतेम अडीच मीटर. म्हणून अशा रचनेत इंच न् इंच मोजावा लागतो. एका बाजूस ये-जा करण्यापुरती वाट आणि दुसऱ्या बाजूस ओळीने कप्पे, ही आखणी सोयीची. सरकते दार लावल्यास वाट अडत नाही. जमिनीस उतार दिल्यास पाणी साचत नाही. छताजवळ झरोके ठेवल्यास दुर्गंधी बाहेर जाते. चालत्या वाहनात मैलापाण्यासाठी टाकी अपरिहार्य असते. एका जागी उभी असलेली बस मात्र मलवाहिनीस जोडता येते.

तथापि, केवळ गाडी उभी करून भागत नाही. पाणी, वीज आणि नित्य सफाई यांची हमी असेल, तरच दार उघडे राहते. अन्यथा उत्तम आराखडाही कुलूपबंद होतो आणि प्रवासी भगिनीची अडचण तशीच उरते.