घाटातली पद्मिनी
कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून बनलेली आणि पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली फियाट १,०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनातून जेमतेम ४० अश्वशक्ती देत असली, तरी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर तिच्या सुधारित गाड्या शर्यतीत उतरत असत. सुधारणा करताना बहुतेकांचे लक्ष आधी कार्ब्युरेटरकडे, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण करणाऱ्या भागाकडे जाते. परंतु सुरगाण्यासारख्या डोंगराळ तालुक्यात प्रथम ब्रेक बदलणेच शहाणपणाचे, कारण मूळच्या ड्रम ब्रेकमध्ये बंद ड्रमच्या आतून घासणारे लायनर लांब उतारावर तापून पकड सोडू लागतात, तर उघड्या चकतीचे डिस्क ब्रेक वाऱ्याने लवकर निवतात. शर्यतीसाठी कडक केलेल्या स्प्रिंगा मात्र खडबडीत रस्त्यावर चाक उसळवतात. इंजिन बदलायचे झाल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परिवहन कार्यालयाची मान्यता लागते.